चालताना बोलायचं नाही

बाबा न्हाणीघरात दोनदा पडले, तेव्हा मी आणि आई त्यांना राजा पार्क भागातल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात तोल तपासायला घेऊन गेलो. बाबा बँकेतले अधिकारी, बदलीवर सोलापूरहून जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर इथंच राहिले. आयुष्यभर इन्स्पेक्शनं झेलली, हे कसलं घेऊन बसलात, असं त्यांनी आम्हाला रिक्षात ऐकवलं. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट होता.

तिथल्या मुलीनं त्यांच्या कमरेला रुंद पट्टा बांधला आणि मागून धरून ठेवला. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, चालत जायचं, वळून परत यायचं. बाबांनी ते झोकात केलं. मग ते चालत असतानाच तिनं विचारलं, आज नाश्ते में क्या खाया, अंकलजी? बाबा थांबले. तिच्याकडे वळून पोह्यांपासून चहापर्यंत सगळं सांगितलं आणि मग पुढचं पाऊल टाकलं. कोणी काही विचारलं तर थांबून उत्तर द्यायची रीत असते, असं वर मलाच सुनावलं. पुन्हा चालायला लावताना तिनं थांबायचं नाही असं बजावलं. बाबा चालता चालता गावाकडच्या घराचा पत्ता सांगायला लागले आणि पायात पाय अडकला. पट्टा नसता तर तोंडावर आपटले असते.

चालायलाच आता त्यांचं सगळं लक्ष लागतं, बोलायला उरत नाही, असं तिनं समजावलं. व्यायाम लिहून दिले. जिन्यात, वळताना, रस्ता ओलांडताना त्यांच्याशी बोलू नका म्हणाली. आईनं त्यातलं एवढंच ऐकलं की बोलायचं नाही.

घरात या दोघांचं बोलणं मुळातच बेताचं. संध्याकाळी बागेत फेरी मारायला निघाले की मात्र आईची टकळी सुरू व्हायची. नणंदा, शेजारणीची सून, भाजीवाल्या भैयाची लबाडी. बाबा नुसते हुंकार भरायचे. त्यांचा खरा संसार त्या फेरीतच झाला, असं मला वाटतं. आता आई तोंडाला कुलूप लावून त्यांच्या मागून चालू लागली. बाकावर बसून बोला की, असं मी सुचवलं. बसले बिचारे, दवाखान्यात नंबर लावल्यासारखे. असं ठरवून बसल्यावर काही सुचत नाही, आई म्हणाली. जिना आणि रस्ता सोडून बोललेलं चालतं, हे मी तिला परोपरीनं सांगितलं. "आणि पडले म्हणजे?" एवढंच ती विचारायची.

एका संध्याकाळी मी बरोबर होते. बागेच्या फाटकाशी बाबा थांबले आणि गज धरून म्हणाले, "पडलो तर पडलो. तू बोल गं काहीतरी."

आईचे डोळे भरून आले. घरी चला, अशी तिनं हातानंच खूण केली.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी फेरी बंद केली. हळूहळू व्यायामही सुटले, पायांतली ताकद गेली. आता ते पलंगावरून उठतच नाहीत, त्यामुळे पडायची भीती उरलेली नाही. आई उशाशी बसून मनसोक्त बोलत असते. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहतात, हुंकारसुद्धा देत नाहीत, आणि मला दोघांचाही भयंकर राग येतो.