टाकी न लावता गेलेली बाई

मी तोंडाची फटकळ. डोणगावजवळच्या त्या खेड्यात लग्न होऊन आले तेव्हा माझं हे तोंड सांभाळून घेतलं ते थोरल्या जाऊबाईंनी. सासूबाई चवताळल्या की त्या मध्ये पडायच्या. "जाऊ द्या आत्याबाई, ल्हान हाये थे," म्हणायच्या आणि मागून मला असा चिमटा काढायच्या की हाय हाय! त्यांना मूलबाळ नव्हतं. सासूबाई येता-जाता दुसरी सून आणायची भाषा करायच्या आणि थोरले दीर खाली मान घालून जेवत राहायचे. एकदा तोंडातून 'नाही' काढायला त्यांचं काय जात होतं, देव जाणे.

पहाटे आम्ही दोघी जात्यावर समोरासमोर बसायचो. एकच खुंटा, त्यावर दोघींचे हात. मेहकरला पिठाची गिरणी झाली होती, पण सासऱ्यांना गिरणीच्या पिठाची भाकर जळकट लागायची. त्यांना काय, दळायचं आम्हाला होतं! पण खरं सांगते, ती वेळ मला आवडायची. अख्ख्या दिवसात तेवढाच वेळ आमचा असायचा.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि जातं जड चालायला लागलं. जाऊबाई म्हणाल्या, "लय जड झालं व हे." मलाही जड लागतच होतं. खांदे भरून यायचे, आणि पीठ बघावं तर मूठभर. सासूबाई दारातून ओरडायच्या, "दोघी दोघी घोड्या, अन् सांजच्या भाकरीपुरतं दयन निंगत नाही!" नाव दोघींचं, पण नजर जाऊबाईंवर. घरात राबते तोवरच या बाईला इथे जागा आहे, हे आम्हा दोघींनाही पक्कं ठाऊक होतं.

जात्याचा दगड गुळगुळीत झाला की तो छिन्नीने टोचून पुन्हा खरबरीत करतात, त्याला टाकी लावणं म्हणतात. गल्लीतून 'टाकीऽऽ' म्हणून ओरडत जाणाऱ्या एकीला मी बोलावलं. तिने लांबूनच बघून सांगितलं, "पार गोटा झाला, बाई." मग ठकठक-ठकठक केलं, ओच्यात ज्वारी घेतली आणि गेली. दुसऱ्या दिवशी भाकरीत ही कचकच! सासऱ्यांनी ताट सरकवलं, आणि बोलणी कोणी खाल्ली? जाऊबाईंनी. एवढं होऊन जातं होतं तसंच जड. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हटलं, आता खरी बाई शोधते, मग ती कुठली का असेना.

विहिरीवर बायकांना विचारत सुटले. एकीने सांगितलं, बाजाराला एक म्हातारी येते, ती खोटं काम करत नाही. बाजाराला जाणाऱ्यांच्या हाती निरोप धाडला. आठवडाभराने ती दारात उभी राहिली, काखेत हत्यारांचं गाठोडं. मी आधीच दम दिला, "फसवायचं असलं तर आल्या पावली चालती हो."

ती हसली. "फसवाचंच असतं तर गावातच राह्यली असती व. इतकी पायपीट कायले केली असती?"

तिने वरची तळी उचलून बाजूला ठेवली आणि दोन्ही दगडांवरून सावकाश तळहात फिरवला. म्हणाली, "टाके चांगले हायेत. जड कोन म्हनते?"

"मी म्हणते! रोज मीच दळते ना!"

"बरं, बसा दोघी. दाखवा दयून."

आम्ही बसलो. घास टाकला, जातं ओढलं. जडच. 'बघ आता' असंच माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं असणार. तिने जाऊबाईंना हाताला धरून उठवलं, त्यांच्या जागी स्वतः बसली आणि खुंटा धरला. आणि काय सांगू, जातं भराभरा फिरायला लागलं, भोवती पीठ पडायला लागलं. इतके दिवस मी एकटीच ओढत होते, आणि मला वाटत होतं दगड बिघडलाय.

ज्वारी किती मागते ते बघायला सासूबाई तेवढ्यात दारात आल्या होत्या. म्हातारीने त्यांच्याकडे बघून सरळ सांगितलं, "जात्यात खोट नाही, बाई. या सुनेच्या हातात जीव नाही राह्यला. इले डाक्तरले दाखवा."

जाऊबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. चेहऱ्यावर रक्त नव्हतं. "टाकी लाव ना व," त्या म्हणाल्या. "तुले काय करा लागते? लाव ना."

तो आवाज ऐकला आणि मला कळलं, की त्यांना सगळं ठाऊक होतं.

म्हातारीला काहीतरी उमगलं असावं. ती सासूबाईंकडे बघत राहिली, मग जाऊबाईंकडे. पण बोललेलं काय परत घेता येतं? ज्वारीचा दाणाही न घेता तिने गाठोडं बांधलं आणि गेली.

पुढचं सगळं फार लवकर झालं. मेहकरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि क्षय सांगितला. त्या काळी त्याला औषध नव्हतंच, दूध-तूप खा आणि पडून राहा, एवढंच. घरी आल्यावर जाऊबाईंची ताटवाटी वेगळी झाली. देऊळघाटला माहेरी निरोप गेला आणि त्यांचा भाऊ न्यायला आला. दीर गाडीपर्यंतसुद्धा आले नाहीत. त्या माणसाला मी आजवर माफ केलेलं नाही.

मी गाडीशी गेले. "जवळ येऊ नको," म्हणून त्यांनी तोंडावर पदर धरला. मग म्हणाल्या, "लय खरी बाई शोधली व तुनं. जराशी लबाड आनली असती, तर राह्यली असती मी अजून थोडी."

चिडून नव्हत्या बोलल्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

उन्हाळ्यात त्या गेल्याची खबर आली. मी म्हातारीला मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या. त्या बिचारीने काय केलं होतं? मीच हुडकून आणलेली खरी बाई ती, आणि खरं तेच बोलली. हे मला तेव्हाही कळत होतं, तरी शिव्या थांबत नव्हत्या.

वर्षाच्या आत थोरल्या दिरांचं दुसरं लग्न झालं. नवी पोरगी धडधाकट होती, हाताला चपळ. पहिल्याच पहाटे ती माझ्यासमोर बसली, तिने खुंटा धरला आणि जातं कसं सुरसुर फिरू लागलं. सासूबाई दारातून कौतुकाने म्हणाल्या, "आता कसं चालते जातं!"

माझा हात खुंट्यावरून सुटला. मी उठले आणि गोठ्यात जाऊन हुंदके देऊन रडले. ती पोरगी माझ्या मागे आली आणि दाराशीच उभी राहिली. आपलं काय चुकलं, हे तिला कळेना.