लीलाबाईचा अंगठा

दिघोरीच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या लीलाबाईला मिरची-हळद दळायची चक्की घ्यायची होती. बँकेनं कर्ज नाकारलं. सिबिल खराब. गटाच्या कर्जाचे एकवीसशे रुपये २०२० पासून थकीत.

"म्या हे कर्ज घेतलंच नाई, मॅडम."

मी चाळीस वर्षं शिकवलं. 'केलंच नाही' म्हणणाऱ्यावर मी लगेच विश्वास ठेवत नाही. आधी तिच्यावरच संशय घेतला, मग तिच्या मुलावर. जीवनचा मोबाइल नवा होता. मी तो कुठून आला विचारलं, तो ताटावरून उठून गेला.

तुमसरचा एक एजंट दारात आला. "चार हजार द्या, नोंद पुसून देतो. फक्त ओटीपी सांगा."

"कशानं पुसणार? फळा आहे का तो?"

गाडी चालूच ठेवून बोलत होता. अशाला ओटीपी द्यायचा नसतो. त्याला घालवलं आणि लीलाबाईच्याच मोबाइलवरून सिबिलकडे तक्रार नोंदवली. फुकट होते ती. महिन्याभरात उत्तर आलं: कर्ज जुलै २०१९ चं, अंगठा लीलाबाईचाच.

"जुलैत? रोवणीत?" लीलाबाईनं स्वतःचा अंगठा वर करून पाहिला. मग म्हणाली, "ताराचा अंगठा लागे ना जी."

ताराबाई तिची शेजारीण, त्याच गटातली. दिवसभर चिखलात रोपं खोचून बोटं झिजलेली. मशीन तीनदा लाल झालं. कर्ज वाटायला आलेल्या कंपनीच्या वसुलीवाल्याला घाई. लीलाबाईचं काम शाळेतल्या चुलीपाशी, तिचा अंगठा शाबूत. "म्या म्हनलं, माझा घे नं." आधार गटातल्या पाचही जणींचे त्याच्याजवळ होतेच. पैसे ताराला मिळाले, हप्त्यांच्या कार्डावर नाव ताराचं, कॉम्प्युटरात लीलाचं.

आम्ही तडक ताराकडे गेलो.

"काहून वो, माझ्या नावानं बुडवून राहिली?"

"कोन बुडवते?" ताराबाईनं धानाच्या ढोलीमागून कार्ड काढलं. शेवटचे दोन सोडून सगळ्या हप्त्यांवर सह्या. "लॉकडाऊन लागला, तो आलाच नाई. पैसे का रस्त्यावर ठेवू?"

आणि नंतरची वर्षं? ती ढोलीवरचं झाकण सारखं करू लागली. मला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पैसे घेऊन ती बसमध्ये आमच्या आधी बसली होती. कंपनीच्या कचेरीतून पावती आणि 'बाकी नाही'चं पत्र घेतलं. शिक्का बघितल्याशिवाय मी दोघींना उठू दिलं नाही.

दीड महिन्यानं सिबिलवरची थकबाकी निघून गेली, कर्ज बंद दिसू लागलं. उशिराचे डाग राहिले, ते राहणारच. बँकेतले साहेब म्हणाले, चालेल.

बँकेत अंगठ्याचं मशीन पुढं आलं. लाल. लीलाबाईनं पदराला बोट पुसलं. पुन्हा लाल. शाळेतली करपलेली गंज-पातेली घासून तिचाही अंगठा गेला होता.

ताराबाई सरसावली. "सरक वो, मी लावतो—"

"हात मांगं घे!" लीलाबाईनं तिचं मनगटच धरलं.

साहेब हसले. "मोबाइलवर ओटीपी येईल, तो सांगा."

ओटीपी आला. लीलाबाईनं ताराकडे पाठ केली. मग मागं वळून माझ्याकडे पाहिलं, मलाही पदर आडवा धरला, आणि साहेबांच्या कानाशी एकेक आकडा सांगितला.