तिरकी इडली आणि बंद जनरेटर

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला तसं वाटणार नाही. डिग्री पुण्याची, वर आयर्लंडमधल्या मेनूथचं एमएस्सी, आणि आता इथेच लेटरकेनी गावात घरी बसून एका कंपनीचं सॉफ्टवेअर तपासतो. थोडक्यात, हातात पाना धरून मला पंधरा वर्षं झाली होती. पण डिग्रीचं एक बरं असतं, एकदा दिली की कुणी परत मागायला येत नाही!

गेल्या वर्षी मी एक जुनी मोटारहोम घेतली. म्हणजे चाकांवरचं घर. पुढे ड्रायव्हरची सीट, मध्ये ओटा, मागे पलंग आणि बाहेरच्या अंगाला एका कप्प्यात वीज तयार करणारा स्वतःचा पेट्रोल जनरेटर. माझी मुलगी ओवी नऊ वर्षांची आणि गाडी तिच्या तिप्पट वयाची. बघताक्षणी माझा गाडीवर जीव जडला. बायकोचा नाही. कल्याणी इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला बोट लावलं आणि पेशंटच्या नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात त्या आवाजात म्हणाली, "निखिल, हिचं वय झालंय."

वर्षभर गाडी दारात उभी राहिली. पाऊस कमी झाला की जाऊ, असं मी म्हणत होतो. (बारा महिने पाऊस पडणाऱ्या आमच्या डोनेगल जिल्ह्यात राहून!) शेवटी जूनमध्ये साताऱ्याहून माझे सासरे, अण्णा, आले, आणि कल्याणीने तह मांडला. शनिवार-रविवार समुद्रकाठी जायचं. रविवारी एक वाजता तिच्या हॉस्पिटलातल्या तीन मैत्रिणी तिथे जेवायला येणार. इडली आणि ताजी चटणी, सगळं गाडीतच करायचं.

"तुझ्या त्या जनरेटरवर मिक्सर फिरला आणि पानात चटणी पडली, तर गाडी राहील," ती म्हणाली. "नाही फिरला, तर सोमवारी विकायची जाहिरात टाकायची. आणि ती तू लिहायचीस."

"मान्य!" मी म्हणालो. माझा आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

शनिवारी संध्याकाळी आम्ही शेमसच्या शेतात पोचलो. शेमस म्हणजे शेताचा मालक, सत्तरीचा गडी. जगातल्या प्रत्येक गोष्टीला तो 'ग्रँड' म्हणतो. दगडी बांधाला लागून खडी टाकलेली एक सपाट पट्टी त्याने दाखवली आणि म्हणाला, "पुट हर देअर नाऊ, शी'ल बी ग्रँड." गाडी लावली, जनरेटर चालू करून पाहिला. अर्धा तास एका सुरात घुमला! मी कल्याणीकडे असं बघितलं की जणू तो मीच घडवला होता.

अंथरुणं घालताना अण्णांनी सहज एक खडा टाकला.

"जावईबापू, तुमचं पाय दक्षिणेला येत्यात बगा."

झालं! मी त्यांना बसवून पाऊण तास विज्ञान ऐकवलं. पृथ्वीचं चुंबकत्व, अंधश्रद्धा, माणसाची प्रगती. "अहो अण्णा, अंतराळात गेल्यावर दक्षिण कुठे असते सांगा?"

"अंतराळात कोन झोपतंय? आपन हितं झोपतोय," अण्णा म्हणाले. "ऱ्हाऊ द्या, मी आपलं सहज बोललो." आणि ते ड्रायव्हरच्या वरच्या फळीवर आडवे होऊन दोन मिनिटांत घोरायला लागले.

रविवारी सकाळी सातला तिघंही समुद्रावर फिरायला गेले. परत आले तेव्हा गाडी उलट्या तोंडाने उभी होती. खडीच्या पट्टीवर उलटी लावली तर दार बांधावर आपटत होतं, म्हणून मी ती थोडी खाली, गवतावर घेतली होती.

"हे काय?" कल्याणीने विचारलं.

"व्ह्यूसाठी. खिडकीतून समुद्र दिसावा म्हणून."

तिने आत जाऊन पडदा सरकवला. "निखिल, इथून मेंढ्यांची ढुंगणं दिसतायत."

"तोही एक व्ह्यूच आहे," मी म्हणालो. (खरं कारण वेगळं होतं. ते शेवटी सांगतो, लाज थोडी थोडी करून घेतलेली बरी.)

नऊ वाजता मिक्सरच्या भांड्यात खोबरं, मिरच्या, कोथिंबीर भरून तयार होतं. मी पाहुण्यांसमोर फीत कापावी तशा थाटात जनरेटरचं बटण दाबलं. तो खोकला, चालू झाला, घुमला, आणि दहा सेकंदांत बंद! पुन्हा दाबलं. दहा सेकंद, बंद. बटणावरचा लाल दिवा दोनदा लुकलुकला, थांबला, पुन्हा दोनदा लुकलुकला.

"पेट्रोल संपलं असेल," कल्याणी म्हणाली.

"टाकी भरलेली आहे."

"जावईबापू, मी बगू का जरा?" अण्णांनी बाह्या सरसावल्या. अण्णांनी साखर कारखान्यात चाळीस वर्षं फिटर म्हणून काढली आहेत. कारखान्याचं इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखायचे म्हणतात. पण जनरेटर माझा होता, पैज माझी होती आणि डिग्रीही माझीच होती.

"तुम्ही बसा हो अण्णा, चहा घ्या. हे इलेक्ट्रॉनिक असतं."

मी स्पार्क प्लग काढला आणि ब्रशने घासला. ब्रश कल्याणीचा निघाला, दात घासायचा. मग एअर फिल्टर काढून झटकला, त्यातली वर्षभराची धूळ वाऱ्याबरोबर थेट चहाच्या कपांत गेली. मग वायरी हलवल्या. मग फ्यूज काढून पुन्हा तोच लावला. दर वेळी बटण दाबायचं, दर वेळी आशेचे दहा सेकंद, आणि पुन्हा बंद. बॅटरीवर दिवे लागत होते, पण मिक्सर लावला की दिवेही डोळे मिटत होते.

"मॅन्युअल वाच की," कल्याणी खिडकीतून ओरडली.

मॅन्युअल वाचलं. दोनदा लुकलुकणारा दिवा म्हणजे इंजिनात तेल कमी. मी तेलाची पट्टी ओढून बघितली. तेल काठोकाठ!

"मॅन्युअल चुकलंय," मी जाहीर केलं.

"छापलेलं मॅन्युअल चुकलंय, आणि तू बरोबर?"

"जुनं आहे ते."

"तू ज्याच्यावर भाळलायस ते सगळंच जुनं आहे!"

साडेअकराला शेमस मेंढ्या बघायला आला. माझं ग्रीसने माखलेलं तोंड, गवतावर पसरलेले सुटे भाग, सगळं त्याने शांतपणे पाहून घेतलं. "ॲह, इट'ल बी ग्रँड," म्हणाला आणि निघून गेला. ओवी पायरीवर बसून माझ्याकडे बघत होती. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते इथल्यासारखं.

"बाबा, यू'र मेकिंग अ शो ऑफ युअरसेल्फ."

माझं हसं होतंय, हे नऊ वर्षांच्या मुलीनेही सांगून टाकलं. खरं सांगतो, मला त्या क्षणी रडूच आलं. गाडी जाणार होती. एक लांबची सहलसुद्धा न घडता जाणार होती, आणि जाहिरातीत 'जनरेटर चालू नाही' हेही मलाच लिहावं लागणार होतं.

तेवढ्यात आतून कल्याणीची किंकाळी आली. "अरे देवा, पिठाला काय झालं?"

इडल्यांचा पहिला घाणा उतरला होता. प्रत्येक इडली एका बाजूला उशीसारखी फुगलेली आणि दुसऱ्या बाजूला पापडाइतकी पातळ! सोळाच्या सोळा इडल्या तशाच. कल्याणीचा चेहरा पडला. तिच्या इडल्यांसाठी तीन मैत्रिणी मैलोन्मैल गाडी चालवत येणार होत्या.

"मम्मी, व्हाय आर दे ऑल लीनिंग, लाइक?" ओवीने विचारलं.

अण्णांनी एक इडली तळहातावर घेतली. डोळ्यांच्या रेषेत धरली, फिरवून बघितली. मग चहाचा कप ओट्यावर ठेवला. कप सावकाश घसरत सिंकपाशी गेला.

"पीठ बेस हाय गं. गाडी तिरकी हाय," ते म्हणाले आणि बाहेर आले. "जावईबापू, तुमचा फोन द्या जरा, बॅटरी लावून बगतो."

मी फोन दिला. त्यांनी स्क्रीनकडे एक क्षण बघितलं, बॅटरी लावली आणि कप्प्यात डोकं घातलं.

"हे बगा. तेलाची पट्टी खालच्या अंगाला हाय. उतारानं समदं तेल हितं गोळा झालंय, म्हनून पट्टी भरलेली दिसतीया. वर इंजनाला तेलाचा थेंब न्हाई. त्याला वाटतंय तेल संपलं, आता आपन जळनार, म्हनून बिचारं सोताच बंद पडतंय. शाना हाय तुमचा जनरेटर."

आमच्या दोघांत शहाणा जनरेटरच होता. मी निमूटपणे सुटे भाग बसवले, गाडी चालू केली आणि पुन्हा खडीवर, होती तशी लावली. बटण दाबलं. दहा सेकंद. वीस. मिनिट! आतून मिक्सरची घरघर ऐकू आली. इतकं सुरेल काही मी आजवर ऐकलं नव्हतं. मी अण्णांना मिठी मारली, आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर ग्रीसचे माझे दोन हात उमटले.

एक वाजता पाहुण्या आल्या. दुसऱ्या घाण्याच्या इडल्या सरळ निघाल्या, चटणी हिरवीगार झाली. शेमसलाही बोलावलं होतं. त्याने सहा इडल्या खाल्ल्या आणि पहिल्यांदाच 'ग्रँड' सोडून 'लव्हली' म्हणाला. कल्याणीने सगळ्यांसमोर निकाल दिला, "गाडी राहील. पण जनरेटरला हात फक्त अण्णा लावतील." मी ती अट आनंदाने कबूल केली.

पाहुण्या गेल्यावर अण्णा माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

"जावईबापू, गाडी कशापायी वळवली हुती?"

"व्ह्यू, अण्णा..."

"तुमच्या फोनात होकायंत्र उघडंच हुतं."

मी मेंढ्यांकडे बघायला लागलो. रात्रभर त्या पाऊण तासाच्या भाषणातला एकही मुद्दा मला झोपवू शकला नव्हता. पाय दक्षिणेला म्हणजे दक्षिणेलाच! म्हणून सगळे समुद्रावर जाताच मी होकायंत्र लावून, घामाघूम होऊन, गाडी मागेपुढे करत पाय बरोबर उत्तरेला आणले होते.

"मी कुनाला सांगत न्हाई," अण्णा हळूच म्हणाले. "पन पाय उत्तरेला करायला येवढी गाडी कशाला वळवायची? उशी तिकडल्या बाजूला टाकायची की!"

साडेतीन टनांची गाडी वळवण्यापेक्षा उशी वळवणं सोपं असतं, हे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आम्हाला कुणी शिकवलं नाही. शिकवलंही असेल म्हणा. त्या दिवशी मी बहुतेक झोपलो होतो, पाय दक्षिणेला करून.