पॅनेलचा बुखार

जयेंद्रगंजातला सोलरवाला पॅनेलच्या पाठीला हात लावतो तो तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावावा तसा.

पॅनेल घेताना मी त्याला म्हटलं, "स्टँड कशाला? दुकानाच्या पत्र्यावरच ठोक आणि भाव कमी कर."

मेच्या भर दुपारी त्यानं एक पॅनेल माझ्या पत्र्यावर टाकलं, दुसरं स्टँडवर, हातभर उंच. पत्र्यावरच्याची वीज मीटरवर कमी भरली.

"काका, याला धूप पाहिजे, बुखार नको. खालून हवा लागू द्या."

"तुझं मीटरच खोटं!" मी भडकलो.

"मग चप्पल काढून पत्र्यावर उभे राहा."

राहिलो. स्टँड पूर्ण भावात घेतला.

आता दर उन्हाळ्यात तो न बोलावता येतो, पॅनेलच्या पाठीला हात लावून "बुखार नाही" म्हणतो आणि जातो. माझ्या पोळलेल्या तळव्यांची विचारपूस त्यानं अजून केलेली नाही.