विहीणबाईंच्या देवघरातला सेंट

माझं जालन्यात मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात, मी आतली तांब्याची तार काढतो, नवी भरतो. सगळं आयुष्य तांब्यात गेलं म्हणून छंदही तांब्याचाच लागला, असं आमची बायको चारचौघांत सांगते. वर, "घरात पाणी प्यायला तांब्याचा हंडा आणा म्हणलं तर आणत न्हाईत," हेही जोडते.

छंद म्हणजे जुनी तांब्याची नाणी. निजामाची आहेत, इंग्रजांची आहेत. पण जीव जडला तो अमेरिकेच्या जुन्या सेंटवर. दोनशे वर्षांपूर्वी तिकडचा एक सेंट अस्सल तांब्याचा आणि आपल्या जुन्या चांदीच्या रुपयाएवढा मोठा असायचा. त्यावर मोकळ्या केसांची एक बाई, तिच्या डोक्यावर इंग्रजीत 'लिबर्टी' लिहिलेलं, खाली साल आणि मागच्या बाजूला पानांची माळ. मोबाईलवर त्याचे फोटो बघत बसलो की जेवण गार व्हायचं.

चांगल्या स्थितीतला माझ्या खिशाला झेपणारा नव्हताच. मला झिजलेला चालणार होता, बाई ओळखू यावी आणि सालाचा एखादा आकडा लागावा, बस्स. पण तसला जरी ऑनलाइन लिलावात धरला, तरी शेवटच्या मिनिटाला कुणीतरी भामटा वर बोली लावायचाच. एकदा एका प्रदर्शनात स्वस्तात मिळाला म्हणून नाचतच आलो. दुकानात चुंबक पडलं होतं, त्याला तो टपकन चिकटला. अरे, तांबं कधी चुंबकाला चिकटतं का! असला राग आला की त्या दिवशी गिऱ्हाइकाशीसुद्धा धड बोललो नाही.

मागच्या वर्षी लेकीचं लग्न झालं. सासर तीर्थपुरीचं, शेतीवाडीचं घर, माणसं तालेवार. विहीणबाई मात्र फटकळ, मनात येईल ते तोंडावर बोलून मोकळ्या. लेक तिथं कशी रुळते याचा मला घोर. फोन केला की ती नुसतं "बरं आहे पप्पा" म्हणायची. आता बरं म्हणजे नेमकं किती बरं, हे बापानं कसं ओळखायचं?

पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा जेवणानंतर देवाच्या पाया पडायला देवघरात गेलो. तिथं देवांचे टाक मांडलेले होते, म्हणजे देवाचं चित्र ठोकलेल्या छोट्या चकत्या. सगळे चांदीचे, एकच तांब्याचा, इतरांपेक्षा मोठा. जवळून बघितलं तर मोकळ्या केसांची बाई! कपाळावर कुंकू, डोक्यावर झेंडूचं फूल. मी वाकलो तो वाकलेलाच राहिलो. मागून विहीणबाई कौतुकानं म्हणाल्या, "व्याहीबुवा लई भाविक दिसतात."

परत येताना गाडीत बायकोला सांगितलं, तर ती उसळलीच. "येडे झाले का? लेकीचं सासर हाय ते! मुलीच्या बापानं तिथं काही मागायचं असतं का? आणि तुमची देवी म्हणजे पैसा हाय, असं सांगणार? तोंड उघडलं तर याद राखा, बोलणी माझ्या लेकीला खावी लागतील."

तिचं बराबर होतं. मी तोंड बंद ठेवलं, पण पायांना कोण आवरणार? कुणाची मोटार पोचवायची असो, कुणाला भेटायचं असो, माझी गाडी तीर्थपुरीला वळायची. गेलो की थेट देवघर. नारळ, उदबत्ती, लोटांगण. माझ्या भक्तीची ख्याती सगळ्या गल्लीत झाली.

एकदा सकाळीच पोचलो. व्याही शेतात गेल्ते. विहीणबाई म्हणाल्या, "आज देवाला आंघोळ तुम्हीच घाला." आणि माझ्यासमोर चिंच-मिठाची वाटी ठेवली. "तांब्याची देवी चांगली घासा, चकाकली पाहिजे."

अरे देवा! आमच्या छंदात जुन्या तांब्याला बोटाचा घामसुद्धा लागू देत नाहीत, आणि इथं रोज चिंच! मी ती चकती हातात घेतली, घासल्यासारखं केलं आणि उजेडात तिरपी धरली. वर एक 'एल' दिसला, थोडं पुढं 'बी', खाली सालातला एक आणि आठ. मागं पानांची माळ. अस्सल! मी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली.

विहीणबाईंनी ते बघितलं आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "एवढी माया हाय तर घेऊन जा घरी. माझ्या आजेसासूच्या वेळची हाय, पण तुमच्याकडं तिची सेवा चांगली होईल."

झालं की काम! हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात उभ्या लेकीकडं नजर गेली. माझा छंद तिनं लहानपणापासून बघितलेला, तिला सगळं माहीत होतं. तिच्या डोळ्यांदेखत तिच्या सासूला फसवायचं? माझ्यानं काही ते होईना.

"विहीणबाई, ही देवी न्हाई हो," मी बोलून गेलो. "अमेरिकेचा जुना पैसा हाय. लई वर्षांपासून मी हाच शोधून राह्यलो."

आता घरात आग लागणार म्हणून मी मान खाली घातली.

"नेऊन काय करणार?" त्यांनी विचारलं.

"प्लास्टिकच्या पाकिटात ठेवणार."

"आणि पूजा? हळदकुंकू?"

"न्हाई. हातसुद्धा लावायचा नसतो."

"मंग बिलकुल भेटणार न्हाई!" त्यांनी चकती माझ्या हातातून काढूनच घेतली. "अमेरिकेची असो न्हाईतर कुठली. आजेसासूनं हळदकुंकू लावून घरात घेतली, तवापासून ती या घरची. तुमची लेक बी बाहेरूनच आल्ती ना? उद्या परत मागितली तर देईन का मी? तिच्यावाचून पान हलत न्हाई माझं!"

दारातली लेक ओढणी तोंडाला लावून हसत होती. मंग ओढणी सोडून मोठ्यानं हसायला लागली, सासूच्या समोर, बिनधास्त. आमच्या घरी हसायची तशीच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं बरं वाटलं.

"न्हाई मागत, विहीणबाई," मी म्हणालो. "दोघींतली एक बी न्हाई मागत."