गुडघ्याखालची उशी

माझे दाजी रंगारी. जिन्यावरची उंच छतं, जिथे इतरांचे पाय लटपटतात, तिथे दाजी शिडीवर चढून निवांत ब्रश फिरवणार. खाली शिडी धरून त्यांचा जोडीदार. तरुणपणापासून हीच रीत, एक वर आणि एक खाली. ताई कधी म्हणाली, "अहो, खाली बघून तरी पाऊल टाका," तर दाजींचं उत्तर ठरलेलं. "खाली तो आहे ना!"

मग एकदा उतरताना गुडघा पिळवटला, आतला लिगामेंट तुटला आणि ऑपरेशन करावं लागलं. पाय पूर्ण सरळ झाला नाही तर शिडीवर उभं राहता येणार नाही, आणि शिडी सुटली की धंदा सुटला, ही एकच धास्ती दाजींनी घेतली होती. त्यातच शाळेच्या मोठ्या इमारतीचं काम तोंडावर आलेलं.

जोडीदार रोज संध्याकाळी यायचा. स्वतःच्या घरची मऊ उशी त्याने आणून ठेवली होती. ती गुडघ्याखाली अलगद सरकवली, पाय जरासा वाकला, की दाजी सुखाने डोळे मिटायचे. ताईला तर भरून यायचं. "सख्ख्या भावाने एवढं केलं नसतं," म्हणायची. दाजी पाय ताणायला गेले की हा लगेच, "दुखतंय ना? मग कशाला जबरदस्ती? होईल सावकाश."

सावकाश काही झालं नाही. गुडघा वाकायला लागला, पण सरळ होईना. दाजी घरात भिंत धरून लंगडत फिरायचे आणि कोपऱ्यातल्या शिडीकडे बघायचंही टाळायचे. शेवटी मी त्यांना तपासणीला घेऊन गेले. फिजिओ मुलीने गुडघा दाबून पाहिला आणि विचारलं, "याच्याखाली उशी घेता का?"

"घेतो की. तेवढाच आराम."

"अहो, त्या आरामानेच पाय आखडलाय! उशी टाचेखाली घ्यायची, गुडघा अधांतरी सोडायचा. दुखतं, पण सरळ होतो. ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही गुंगीत होता, ताई औषधं आणायला खाली गेल्या होत्या, म्हणून मी तुमच्या भावाला सांगितलं. दोनदा वदवून घेतलं."

दाजींना भाऊ नाही. खाटेजवळ तेव्हा कोण बसलं होतं ते आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं.

संध्याकाळी तो आला आणि सवयीने उशीकडे हात नेला. दाजी म्हणाले, "तुला माहीत होतं."

तो खाटेच्या कडेला टेकला. "पहिल्या दिवशी खरंच विसरलो रे. तू ओरडत होतास, मला बघवेना. नंतर आठवलं."

"मग?"

"तोवर शाळेचं काम मी घेतलं होतं. माझ्या मेहुण्याला खाली उभं केलं आणि मी वर चढलो. सगळा जन्म खालून बघण्यात गेला माझा. वाटलं, अजून थोडे दिवस..."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हाच! मी तोंड सोडणार, तेवढ्यात दाजींनी हाताने थांबवलं. उशी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. "मी कधी खाली बघितलंच नाही रे," एवढं म्हणाले आणि रडायला लागले. ऑपरेशनच्या वेदनांनी ओरडले होते, रडले नव्हते.

त्यानंतर टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल आला. ताई मांडी दाबायची, दाजी दातओठ खायचे. पाय सरळ झाला, अगदी पहिल्यासारखा नाही, पण उभं राहण्यापुरता.

मग त्यांनी आमच्याच जिन्यातली भिंत रंगवायला काढली. कुठून कोण जाणे, जोडीदाराला कळलं. आला, आणि थेट शिडीला हात लावला.

"हात काढ," दाजी म्हणाले, आणि ताईला हाक मारली.

ताईने शिडी धरली ती एकाच बाजूला सगळा भार टाकून, डोळे घट्ट मिटून. बाजूला उभ्या जोडीदाराला राहवेना. "वहिनी, पायथ्याला पाय लावा! अरे, सरकेल ती!"

"सरकू दे," दाजी म्हणाले, आणि खाली न बघता वरच्या पायरीवर पाय ठेवला.