फाईल नाही, नाडी धरा

शोभाताईला मी तोंडावर ‘अहो ताई’ म्हणते, पण तिच्याबद्दल लिहायला बसले की लेखणीतून ‘ती’च येतं. मी दामिनी, वाशीमची. नागपूरच्या एका मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना हृदय आणि रक्ताभिसरण शिकवते. निरोगी हृदय कसं चालतं ते मला पुस्तकांनी शिकवलं. आजारी हृदय घेऊन माणूस ताठ मानेनं कसा जगतो, ते पांढुर्ण्याच्या या बाईकडून शिकले.

ती मूळची सौसरजवळच्या रामाकोन्याची. वडील श्रावण आणि आई सुमन, दोघंही दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जात. शोभा दहा वर्षांची असताना तिचा घसा दुखला, ताप आला, आणि पंधरा दिवसांनी सांधे सुजायला लागले. आज गुडघा, उद्या घोटा, परवा मनगट. महिनाभरानं ताप गेला, सूजही उतरली आणि पोरगी पुन्हा शाळेत पळू लागली. सांध्यांवर त्या तापाचं काही उरलं नाही. हृदयातल्या एका झडपेला मात्र तो कायमचा डसून गेला.

ही झडप हृदयाच्या डाव्या बाजूला, वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या मधे असते. तिला मायट्रल म्हणतात. फुफ्फुसांतून आलेलं ताजं रक्त वरच्या कप्प्यात उतरतं, झडप उघडली की खालच्या कप्प्यात जातं आणि तिथून सगळ्या शरीरात ढकललं जातं. चांगली झडप उघडली की दोन बोटं सहज जातील एवढी वाट होते. शोभाच्या झडपेच्या पाकळ्या कडांनी एकमेकींना चिकटत गेल्या. सोळाव्या वर्षी कापूस वेचताना तिला दम लागू लागला. एकोणिसाव्या वर्षी सौसरला तपासणी शिबिर लागलं, तिथल्या डॉक्टरनं छातीला स्टेथोस्कोपची नळी लावली आणि श्रावणला बाजूला घेतलं.

“पोरीला ओझं उचलू देऊ नका. आणि लग्नाचं मनावर घेऊ नका, बाळंतपण झेपायचं नाही.”

बाजूला घेतलं खरं, पण मधे नुसती कापडी कनात होती. शोभानं सगळं ऐकलं.

नातेवाइकांनी दुसरा सल्ला दिला. रोग दिसत नाही, तर सांगायचा कशाला? दोन वर्षांनी पांढुर्ण्याहून अंकुश तिला पाहायला आला. तो नगरपालिकेत दिवाबत्तीच्या कामावर होता, रस्त्यावरचे खांब-दिवे दुरुस्त करायचा. चहा झाला, जयभीम झाला, मोठी माणसं तारखेचं बोलू लागली. शोभा दाराशी उभी होती. ती म्हणाली, “थांबा जरा. माह्या छातीत बिमारी हाय. एक वॉल्व सिकुडला हाय. चढावर साँस फुलते. डॉक्टर म्हनते लेकरू होऊ देऊ नको. हे लपवून मले लग्न नाही करायचं.”

सुमननं पदर तोंडाला लावला.

अंकुशनं हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, “माह्या डाव्या कानानं ऐकू येत नाही. हे आमच्या घरच्यायनं तुमाले सांगतलं काय?”

नव्हतं सांगितलं. महिन्याभरात विहारात त्यांचं लग्न झालं.

पांढुर्ण्यात आल्यावर शोभा मंडीत संत्र्याच्या छाटणीला जाऊ लागली. ढिगातून लहान, मध्यम, मोठा असा माल वेगळा करायचा आणि कॅरेटमधे भरायचा. भरलेली कॅरेट उचलायची वेळ आली की तिचा जीव घाबरा व्हायचा. भगवंतराव नावाचा ठेकेदार होता. त्यानं आठवडाभर पाहिलं आणि उद्यापासून येऊ नको म्हणाला. दुसऱ्या दिवशी शोभा आली, एक रिकामं कॅरेट उलटं घालून त्यावर बसली आणि छाटू लागली. ठेकेदार जवळ आल्यावर म्हणाली, “उचलनं माह्याच्यानं नाही होत. छाटनं होते. दुपारपर्यंत पाहा, कोनाचा ढीग पहिले संपते तं. माहा मागं राहिला तं मीच उठून जातो.” दुपारी त्यानं पाहिलं, आणि पुढं कधी तिला कोणी उठ म्हटलं नाही.

लग्नाला तीन वर्षं झाली आणि तिला दिवस गेले. पाचव्या महिन्यात रात्री आडवं झालं की श्वास कोंडायला लागला. भिंतीला टेकून बसूनच झोपायची. यामागचं कारण मी आता दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. गरोदरपणात बाईच्या अंगातलं रक्त जवळपास दीडपट होतं आणि हृदयही जास्त वेगानं धडधडतं. वेग वाढला की दोन ठोक्यांमधला विसाव्याचा वेळ कमी होतो. खालचा कप्पा भरतो तो त्याच विसाव्यात. आता रक्त जास्त, वेळ कमी आणि वाट अरुंद. मग रक्त मागं तुंबतं, फुफ्फुसांवर दाब येतो आणि पाणी झिरपायला लागतं.

गावातल्या डॉक्टरनं गर्भ काढायला सांगितलं. ती अंकुशला म्हणाली, “झडप खराब हाय, लेकरू थोडीच खराब हाय? आधी झडपेचा इलाज पाहू.”

दोघं नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात आले. तिथं डॉक्टर भोयर नावाच्या बाई होत्या. त्यांनी सांगितलं, जांघेतल्या शिरेतून एक नळी हृदयापर्यंत न्यायची, झडपेत छोटा फुगा फुगवायचा आणि चिकटलेल्या पाकळ्या सोडवायच्या. धोका आहे, पण करता येतं. शोभानं तीनदा तेच तेच प्रश्न विचारले आणि तीनदा उत्तर मिळाल्यावर अंगठा न देता सही केली.

फुग्याच्या आदल्या दिवशी वॉर्डात विद्यार्थ्यांचा राऊंड आला. सव्वीस पोरंपोरी आणि एक वरिष्ठ डॉक्टर. असा आवाज रोज ऐकायला मिळत नाही, सगळ्यांनी ऐका, असं ते इंग्रजीत म्हणाले. एकानं ऐकलं, दुसऱ्यानं ऐकलं. कोणी तिला नाव विचारलं नाही, काही सांगितलं नाही. नळीचं थंडगार तोंड छातीवर ठेवायचे आणि पुढं सरकायचे. सातव्या वेळी शोभानं चादर गळ्यापर्यंत ओढली आणि उठून बसली.

“बस झालं.”

वरिष्ठ डॉक्टर म्हणाले, “बाई, इथं फुकट उपचार होतात. मुलांना शिकू द्यावं लागतं.”

“इलाज फुकट होऊन राहिला म्हनून मी फुकटची झाली काय? शिकू द्या ना, मी कुठं नाही म्हनतो? पन ज्याले ऐकायचं त्यानं आपलं नाव सांगावं, मले पुसावं, नळी हातानं गरम करावी. आन काय ऐकू आलं ते मले माह्या बोलीत सांगावं. माह्याच छातीत काय वाजते, ते मलेच मालूम नसावं काय?”

डॉक्टर रागानं पुढच्या खाटेकडे गेले. डॉक्टर भोयर मागं थांबल्या. त्यांनी आपलं नाव सांगितलं, नळी तळहातावर घासली आणि विचारलं, “ऐकू का?” मग तिला डाव्या कुशीवर वळवून नळीची टोकं तिच्याच कानात दिली. शोभा सांगते, तिला आधी एक जोरदार ठोका ऐकू आला, मग दुसरा, आणि दुसऱ्यानंतर लगेच दूरवर जड चाक फिरल्यासारखी घरघर. भोयरबाई म्हणाल्या, “ही घरघर म्हणजे अरुंद वाटेतून उतरणारं तुमचं रक्त.”

फुगा नीट झाला. चार महिन्यांनी सुप्रिया जन्माला आली.

पूर्वीपेक्षा पुसट झाली तरी ती घरघर उरलीच. भोयरबाईंनी तिला विचारलं, शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला दरवर्षी याल का? मुलांना तपासायला खरा पेशंट लागतो. शोभा हो म्हणाली, पण वॉर्डातल्या त्याच अटींवर. त्या अटी एका कागदावर लिहून तिच्या खाटेला लावल्या जाऊ लागल्या. पोरांमधे तिचं नाव पडलं, कडक ताई. कारण परीक्षेत पोरं हळूच विचारायची, “ताई, कोणती झडप आहे, सांगा ना.” पुष्कळ पेशंट दया येऊन सांगतात. शोभाताई म्हणायची, “कान देल्ले हायत ना देवानं? आज मी सांगीन. उद्या तुह्या दवाखान्यात जे बाई येईन, तिले मालूम नसंन, तं कोनाले पुसशीन?”

मी तिच्या खाटेशी पोचले ते २०२३ साली. मी नाव सांगितलं, परवानगी घेतली आणि मनगट धरलं. भोयरबाईंनी आम्हाला पूर्ण साठ सेकंद मोजायची सवय लावली होती. वीस सेकंदांतच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. ठोके ओळीनं येत नव्हते. दोन जवळजवळ, मग एक खंड, मग एक हलका, मग दोन जोरदार. मनगटावर ब्याण्णव भरले. छातीवर नळी ठेवून मोजले तर एकशे दहा. म्हणजे अठरा ठोके हातापर्यंत पोचतच नव्हते.

“ताई, छातीत फडफडल्यासारखं होतं का?”

“दहा-बारा दिवस झाले, होऊन राहिलं. मले वाटलं सीझन चालू हाय, थकवा असंन.”

बाहेरगावचे परीक्षक आले. मी केस सांगितली. ते म्हणाले, “घरघर पहिल्या ठोक्याच्या आधी वाढते, ते सांगायचं राहिलं.”

“सर, वाढत नाही. वरचा कप्पा शेवटी आकुंचन पावून रक्त ढकलतो, म्हणून ती वाढते. इथं तो नीट आकुंचन पावत नाहीये, नुसता थरथरतोय. नाडी पूर्ण अनियमित आहे.”

त्यांनी फाईल उघडली. “तीन आठवड्यांपूर्वीचा इसीजी नियमित आहे. घाबरल्यावर काहीही हाताला लागतं. पुन्हा विचार करून सांगा.”

खरं सांगायचं तर मी ‘सॉरी सर’ म्हणणारच होते. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

“डॉक्टरसाहेब, या पोरीनं माहा हात पुरा मिनिटभर धरला. तुमी फाईल धरली. फाईल नाही, नाडी धरा.”

“पेशंटनं परीक्षेत बोलायचं नसतं.”

“माह्याच छातीचं बोलनं चालू हाय. मीच नाही बोलू तं कोन बोलंन?” ती उठून बसली आणि हात पुढं केला. “तुमी हात पाहेपर्यंत मी पुढच्या पोरासाठी नाही लेटत.”

परीक्षक लाल झाले. तरी त्यांनी मनगट धरलं, बहुधा हा तमाशा संपवायला. दहा सेकंदांनी त्यांची मान झुकली. त्यांनी घड्याळ पाहिलं, दुसऱ्या हातानं नळी काढली आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग परीक्षा थांबवून इसीजी मागवला. कागदावर ठोके वेडेवाकडे पसरले होते.

ते मला म्हणाले, “बरोबर आहे तुमचं.” मग शोभाताईकडे वळले. “आणि तुमचंही. मी आधीच हात धरायला हवा होता.” हे त्यांनी इतरांच्या देखत म्हटलं, आणि त्याबद्दल मला त्यांचा आजही आदर वाटतो.

तिला त्याच दिवशी भरती केलं. वरचा कप्पा थरथरत राहिला की त्यात रक्त साचतं आणि गाठ होते, आणि ती सुटून मेंदूत गेली तर अर्धांग. दुसऱ्या तपासणीत कप्प्याच्या कोपऱ्यात छोटी गाठ सापडलीच. आणखी महिनाभर ती तशीच छाटणीवर बसली असती तर काय झालं असतं, हे मी तिला सांगितलं नाही. तिनंच विचारलं, आणि मग सांगावं लागलं. ती फक्त “हं” म्हणाली.

रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या. पुढं ऑपरेशन करून गाठ काढली आणि झडपही बदलली. घरचे म्हणाले, आता घरी बस. ती ऑपरेशननंतर पाचव्या महिन्यात डॉक्टर भोयरांना विचारून, त्यांच्या सहीचा कागद घेऊन मंडीत हजर झाली.

कॉलेजनं तिचा सत्कार करायचं ठरवलं. तिनं निरोप पाठवला, शाल-नारळ नको. माझी सगळी फाईल मराठीत लिहून द्या, मला आणि सुप्रियाला वाचता येईल अशी. ते काम माझ्याकडे आलं. चार पानं लिहिली आणि पांढुर्ण्याला घेऊन गेले. सुप्रिया अकरावीत होती, ती मोठ्यानं वाचत होती. अंकुशदादा उजवा कान पुढं करून ऐकत होते. पहिल्याच पानावर शोभाताईनं हात वर केला.

“थांब. ते परत वाच.”

सुप्रियानं वाचलं, “लहानपणी घरच्यांच्या दुर्लक्षामुळे उपचार अपुरे राहिले.”

मी ते वाक्य जुन्या कागदांतून जसंच्या तसं उतरवलं होतं. इंग्रजीत ते सतरा वर्षं तिच्या फाईलमधे होतं, आणि तिला कधी कळलं नव्हतं.

“माह्या मायनं दुर्लक्ष नाही केलं,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “ताप गेल्यावर, तो पलटू नये म्हनून, दर एकवीस दिवसांनी सुई घ्यायची होती. मजुरी बुडवून माय मले सौसरले न्यायची. दोनदा सुई भेटली. मंग चार खेपा केल्या, सुईच नव्हती. पाचव्या खेपेले तिथल्या मानसानं म्हनलं, बाई, कायले येऊन राहिली रोज रोज. हे लिही.”

मी पान फाडून नवं लिहिलं. चार खेपा, नसलेली सुई आणि सुमनबाईंचं नाव, सगळं आलं. शोभाताईनं स्वतः वाचून पाहिलं, एका जागी ‘एकवीस’ नीट काढायला लावलं आणि खाली सही केली. एक प्रत तिनं ठेवली. दुसरी मी नागपूरला आणून तिच्या जुन्या फाईलमधे, सगळ्यात वर लावली.